क्लासिक रॉक + सिनेमा मॅशअप: नाव जुळतं, पण हसू येत नाही. काय चुकतं?

काउंटर_मेलडी

नमस्कार. प्रश्नमंजूषेच्या एका विनोदी फेरीसाठी क्लासिक रॉकचं गाणं आणि गाजलेला सिनेमा यांची काल्पनिक मॅशअप बनवायची आहेत. प्रत्येकाचे तीन भाग ठरवलेत: दोन्ही नावं एकमेकांत अडकवून केलेलं जोडनाव, दोन-तीन ओळींचं कथानक आणि तीस-चाळीस सेकंदांचा ऑडिओ. ऐकणाऱ्यांनी मूळ गाणं आणि मूळ सिनेमा दोन्ही ओळखायचे.

अडचणी अशा. 'मेन बॅक इन ब्लॅक' किंवा 'द साउंड ऑफ सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' अशी नावं पटकन सुचतात, पण कथानक काही पुढे सरकत नाही. मराठी शब्द इंग्रजी चालीवर घातले की ओळीचं शेवटचं अक्षर उगाच ओढावं लागतं. आणि ऑडिओचं तर कोडंच आहे: गाणं एकटं सुरात, सिनेमातलं संगीत एकटं सुरात, एकत्र वाजवले की दोन्ही बेसूर. सूर एकेक पट्टी खाली-वर करून पाहिला, तरी सिनेमाचा आवाज दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी राहतो. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जिना_की_लिफ्ट

नाव आणि कथानक यावर लिहितो, ऑडिओवर बाकीचे लिहितीलच.

सामाईक शब्द लागतो हे बरोबर, पण तो नावात कुठे येतो ते बघा. गाण्याच्या नावाची शेपटी आणि सिनेमाच्या नावाचं डोकं एकच असेल तर जोडनाव एका दमात म्हणता येतं. 'स्टेअरवे टू हेवन' (१९७१) आणि 'हेवन कॅन वेट' (१९७८): 'स्टेअरवे टू हेवन कॅन वेट'. एकही शब्द कापावा लागला नाही. सामाईक भाग एका शब्दापेक्षा मोठा असला तर आणखी मजा. 'स्मोक ऑन द वॉटर' (१९७२) आणि 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) यांत 'ऑन द वॉटर' एवढा लांब तुकडा सामाईक आहे, म्हणून 'स्मोक ऑन द वॉटरफ्रंट' ऐकताना सांधा कळतच नाही.

पण सांधा बेमालूम झाला म्हणून विनोद होत नाही. तुमचं 'मेन बॅक इन ब्लॅक' तिथेच अडकतं. एसी/डीसी बँडच्या 'बॅक इन ब्लॅक'मधला काळा रंग त्यांचा गायक बॉन स्कॉट याच्या मृत्यूनंतरच्या दुखवट्याचा, 'मेन इन ब्लॅक' सिनेमातला काळा रंग एजंटांच्या सुटाचा. रंग एक असला तरी दोन्ही गोष्टी एकमेकींना काहीच करत नाहीत. गाण्यात जे ठामपणे म्हटलंय ते सिनेमातल्या माणसाच्या अंगावर आलं पाहिजे: एक तर ते त्याला तंतोतंत लागू पडावं, नाही तर त्याच्या नेमकं उलट जावं. अधलंमधलं चालत नाही.

'हाउस ऑफ द रायझिंग सनसेट बुलेव्हार्ड' घ्या. गाणं एका घराबद्दल आहे, ज्या घरानं कित्येक गरीब पोरांचं वाटोळं केलं. 'सनसेट बुलेव्हार्ड' (१९५०) मध्ये कर्जात बुडालेला तरुण लेखक उतार लागलेल्या एका नटीच्या वाड्यात शिरतो आणि शेवटी पोहण्याच्या तलावात मरून पडतो. निवेदकही तोच, मेलेला. कथानक आपोआप लिहिलं जातं: 'उगवत्या सूर्याच्या घरात मावळतीची नटी. ज्या पोराचं वाटोळं झालं तोच पाण्यात पालथा पडून सगळी हकिकत सहा-आठच्या ठेक्यात सांगतो. पोलिसांना बयान नको असतं, त्यांना फक्त ऑर्गनवाला कोण ते हवं असतं.' नावात सूर्य एकाच वेळी उगवतो आणि मावळतो, हे वरचं.

उलट जाणाऱ्यांत माझी पसंती 'फ्री बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ'ला. 'फ्री बर्ड' (१९७३) मोकळं उडून जाण्याचं गाणं, 'बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ' (१९६२) जन्मठेपेच्या कैद्याचा सिनेमा, आणि जोडलं की नावाची चक्क कैद्याच्या सुटकेची घोषणा होते. शिवाय खरा कैदी रॉबर्ट स्ट्राउड पक्षी पाळायचा तो लेव्हनवर्थच्या तुरुंगात. अल्कट्राझमध्ये त्याच्याकडे पक्षी नव्हतेच. मग कथानक: 'पक्षी कधीच सुटले. माणूस अजून आत. गाणं नऊ मिनिटांहून मोठं, त्यातला उत्तरार्ध गिटारचा. सोलो संपेपर्यंत कोठडी उघडायची नाही असा वॉर्डनचा हुकूम.'

'बॉर्न टू रन लोला रन'सुद्धा याच जातीचं. स्प्रिंगस्टीनचं गाणं १९७५ चं, सिनेमा १९९८ चा. लोलाला वीस मिनिटांत एक लाख मार्क उभे करायचे असतात आणि ती तीनदा धावते. तिसऱ्या फेरीत तिच्या मागे गाण्यातला सॅक्सोफोनवाला धावायला लावा, काम झालं.

दोन सापळे मात्र टाळा. पहिला, जे गाणं आधीच एखाद्या सिनेमाला चिकटलेलं आहे ते. 'द साउंड ऑफ सायलेन्स' वाजलं की बहुतेकांना 'द ग्रॅज्युएट' (१९६७) आठवतो. तुम्ही तिसरा सिनेमा आणलात की ऐकणारा गोंधळतो, हसत नाही. 'बॉर्न टु बी वाइल्ड' आणि 'ईझी रायडर'चं तेच. 'स्पेस ऑडिटी' (१९६९) तर मुळातच '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) या नावावरची कोटी आहे, तिच्यावर आणखी काय चढवणार? दुसरा सापळा सारख्या मूडचा. 'रायडर्स ऑन द परफेक्ट स्टॉर्म' हे नाव कानाला सुंदर लागतं, पण वादळात वादळ मिसळून वादळच उरतं.

कथानक तीन वाक्यांपुढे नेऊ नका. पहिल्यात सिनेमाची परिस्थिती, दुसऱ्यात गाण्याची अट, तिसऱ्यात त्या अटीचा परिणाम. चौथं वाक्य नेहमी स्पष्टीकरणाचं निघतं.

गण_मात्रा

शब्द बसवण्याबद्दल. शेवटचं अक्षर ओढावं लागतं, कारण मोजणी कागदावरच्या अक्षरांची होते. मोठ्या अभंगात ६-६-६-४ मोजताना 'दार' दोन अक्षरी धरतो आणि ते तिथे चालतं. रॉकच्या चालीत ओळीच्या शेवटी 'दार' हा एकच आघात आहे. तेव्हा लिहिलेली अक्षरं सोडा, तोंडातून निघणारे आघात मोजा.

सुरुवातीला ८-६-८-६ या मापाचं गाणं घ्या. इंग्रजी बॅलडचं हे जुनं माप, हलकं-जड, हलकं-जड असं चालणारं. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' त्यात बसतं, 'अमेझिंग ग्रेस'ही बसतं, म्हणून एकाचे शब्द दुसऱ्याच्या चालीवर सरळ गाता येतात. याच मापाच्या आसपास असल्यामुळे १९७८ मध्ये लिटल रॉजर अँड द गूसबंप्स या बँडला 'गिलिगन्स आयलंड' या टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीताचे शब्द 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरावटीवर गाता आले. या प्रकारातला तो अजूनही वस्तुपाठ आहे: शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, दोन्हीकडे काटछाट नाही.

'रायझिंग सन'च्या चालीवर 'सायको' (१९६०) बसवून दाखवतो:

नको गं बाई न्हाऊ तू,
खुले न ठेव दार;
ती आई नाही, पोर गं,
सुरीस त्याच्या धार.

द अ‍ॅनिमल्सच्या १९६४ च्या आवृत्तीत पहिल्या ओळीचे कॉर्ड ए मायनर, सी, डी, एफ असे येतात. आपले जड आघात त्यांच्यावरच पडले पाहिजेत: 'को' ए मायनरवर, 'बा' सीवर, 'न्हा' डीवर, 'तू' एफवर. दुसऱ्या ओळीत 'ले', 'ठे', 'दार' हे ए मायनर, सी, ई यांवर. तिसरी पहिलीसारखीच: 'आ', 'ना', 'पो', 'गं'. चौथीत 'री' ए मायनरवर, 'त्या' ईवर, 'धार' परत ए मायनरवर. 'ठेव' बोलताना एक आघात, इथे गाताना दोन. ओळीच्या मधे हे खपतं, शेवटी खपत नाही.

ओळीचं पहिलं अक्षर ऱ्हस्व ठेवा (न, खु, सु), कारण ते ठेक्याच्या आधी येतं. तिसऱ्या ओळीतला 'ती' दीर्घ आहे. तो झटकन सोडून 'आ'वर जोर दिला की निभावतो. मात्र दोन ओळींत सलग असं केलंत तर चाल लंगडायला लागते.

विनोदाचा शब्द नेहमी यमकावर ठेवा. 'धार' हा शब्द 'दार' ऐकल्यापासून कानाला अपेक्षित असतो, म्हणून तो आला की हशा बरोबर ठेक्यावर पडतो. तोच शब्द ओळीच्या मधे गेला तर पुढचे दोन आघात हशात बुडतात.

रीळ_चोवीस

बेसूर होण्याचं कारण बहुतेक तुमच्या डिस्कमध्ये आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चित्रित होतो. पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर तो सेकंदाला २५ नं चालवतात. वेग जवळपास ४.२ टक्के वाढतो आणि त्याबरोबर आवाज सुमारे ७१ सेंट वर जातो (एक अर्धस्वर म्हणजे १०० सेंट). म्हणूनच तो दोन पट्ट्यांच्या मधे सापडतो आणि एकेका पट्टीनं हलवून कधीच जुळत नाही. उपाय सोपा: ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिनेमाच्या आवाजावर 'चेंज स्पीड' लावा, उणे ४ टक्के. 'चेंज पिच' नको आणि 'चेंज टेम्पो'ही नको, कारण इथे वेग आणि सूर दोन्ही एकत्र बिघडलेत, ते एकत्रच परतवायचे. काही डिस्कवर सूर आधीच दुरुस्त केलेला असतो, म्हणून आधी एखादा लांब, स्थिर स्वर ट्यूनरवर तपासून मगच हात लावा.

आवाज ७१ ऐवजी दीड अर्धस्वराच्या आसपास खाली गेलेला दिसला तर कारण वेगळं. सिनेमाचा आवाज ४८ किलोहर्ट्झचा, सीडीचा ४४.१ चा. प्रोजेक्टनं ४८ ची फाइल ४४.१ ची समजून वाजवली की ती जवळपास नऊ टक्के लांबते आणि १४७ सेंट खाली येते. फाइल रीसँपल करून (४८ ची ४४.१ मध्ये रूपांतरित करून) घ्या, सूर हातानं दुरुस्त करत बसू नका.

आता संवाद सुटे करणं. सिनेमाचा ५.१ ट्रॅक (सहा वेगळ्या चॅनेलांचा आवाज) मिळत असेल तर अर्धं काम झालेलं असतं: संवाद जवळजवळ पूर्ण सेंटर चॅनेलमध्ये असतात, तेवढा एकच चॅनेल उचला. गाण्याचे भाग वेगळे करायला डीमक्स किंवा स्प्लीटर हे सॉफ्टवेअर वापरा. चार भाग मिळतात: गायन, ड्रम, बास, उरलेलं. गायनाच्या भागात झांजांची सळसळ आणि गिटारची सावली राहते, कारण त्यांच्या फ्रिक्वेन्सी गायकाच्या व्यंजनांवरच येतात. ही सळसळ एकटी ऐकली की खटकते, खाली दुसरं संगीत आलं की झाकली जाते. त्यामुळे ती साफ करण्यात वेळ घालवू नका. साफ करताना गायकाचे 'स' आणि 'श' आधी मरतात.

साठीच्या दशकातल्या बऱ्याच स्टीरिओ मिक्समध्ये गायन एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी असते. तिथे सॉफ्टवेअर लागतच नाही, डावा-उजवा चॅनेल वेगळा करून ऐका. उलट, डाव्यातून उजवा वजा करून गायन घालवण्याची जुनी युक्ती सत्तरीच्या रॉकवर चालवू नका: मध्यभागी गायकासोबत बास आणि किक, स्नेअर हे ड्रमही बसलेले असतात, ते सगळे उडतात आणि पोकळ गिटार उरतं.

ताल जुळवताना एकच टेम्पो टाकून पुढे जाऊ नका. हे बँड बहुतेक वेळा क्लिकशिवाय (ठेका धरणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजवत. 'स्टेअरवे' तर मुद्दामच हळूहळू वेग घेतं आणि त्यात ड्रम सव्वाचार मिनिटांनंतर येतात. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर वॉर्प मार्कर (तिथून आवाज ताणता-आखडता येईल अशी खूण) लावा. ताण पाच-सहा टक्क्यांच्या आत ठेवलात तर कान ओरडत नाही. त्यापलीकडे स्नेअरचा एक ठोका दोन ठोक्यांसारखा ऐकू यायला लागतो.

पातळी: संवाद चालू असताना संगीत सहा ते नऊ डेसिबल खाली, आणि गिटारच्या ट्रॅकमधून दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कापा. शब्द कळले नाहीत तर बाकी सगळं फुकट.

शेवटी, कधी कधी नावांत सामाईक शब्द नसतो पण सुरांत सांधा असतो, तो सोडू नका. 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ (परत परत येणारी छोटी सुरावट): जी, बी फ्लॅट, सी; मग जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट, सी. त्यातलं डी फ्लॅट ते सी हे अर्ध्या स्वराचं अंतर. 'जॉज' (१९७५) ची ती दोन सुरांची धून, ई आणि एफ, हेही अर्ध्याच स्वराचं अंतर. 'जॉज' चार अर्धस्वर खाली घ्या, ते सी आणि डी फ्लॅट होतं. आता खालचे चेलो सी-डी फ्लॅट, सी-डी फ्लॅट असे हळू सुरू करा, वेग वाढवत न्या, आणि ऐकणारा शार्कची वाट पाहत असताना शेवटच्या डी फ्लॅटवर गिटारचा रिफ मधूनच पकडा. मिनिटाला साधारण ११२ ठोक्यांवर, म्हणजे रिफच्या वेगावर, पोचलात की दोन्ही शिवा.

काउंटर_मेलडी

रीळ_चोवीस, डिस्क पालच निघाली. उणे ४ टक्के केल्यावर सूर बसला, मनापासून आभार. गण_मात्रा यांचं कडवं चालीवर म्हणून पाहिलं, कुठेही ओढावं लागत नाही. आणखी एक: फेरीच्या शेवटी अख्खा अल्बम आणि अख्खा सिनेमा असा एक नमुना दाखवायचा विचार आहे. जमेल का?

तिसरी_डरकाळी

पिंक फ्लॉइडचा अल्बम 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) आणि सिनेमा 'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) ही जोडी प्रसिद्धच आहे. सिनेमाच्या सुरुवातीच्या बोधचिन्हातल्या एमजीएमच्या सिंहाच्या तिसऱ्या डरकाळीला अल्बम सुरू करायचा. नीट लागलं तर नायिका डोरोथी दार उघडून रंगीत दुनियेत पाऊल टाकते त्या सुमाराला अल्बममधल्या 'मनी' गाण्याचे गल्ले खणखणतात. हे मुद्दाम केल्याचं बँडनं वेळोवेळी नाकारलं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे; पण जुळणी बघायला धमाल येते.

इथेही तीच पालची भानगड आहे, फक्त नुकसान जास्त. 'मनी' साधारण विसाव्या मिनिटाला येतं. पाल डिस्कवर सिनेमा तोवर ४८ सेकंद पुढे गेलेला असतो, म्हणजे रंग आधी आणि गल्ला नंतर. अल्बम सुमारे ४३ मिनिटांचा. तो संपेपर्यंत फरक पावणेदोन मिनिटांच्या जवळ जातो. '२४' म्हणून मिळणारी फाइल प्रत्यक्षात २३.९७६ ची असली तर घाबरू नका, ४३ मिनिटांत अडीच-तीन सेकंदांचाच फरक पडतो. अल्बम एकसलग वाजवा. एकेक ट्रॅक वेगळा लावलात तर मधल्या फटी साचत जातात. सीडी असेल तर 'मनी'च्या आधी थांबायला लागत नाही. एलपीवर बाजू उलटावी लागते, आणि ती नेमकी तिथेच.

फेरीत दाखवायला पहिली वीस मिनिटं नकोत. 'मनी'च्या दोन मिनिटं आधी सुरू करा आणि दार उघडेपर्यंत कुणालाही काही सांगू नका.

जिना_की_लिफ्ट

एक भर घालतो. ही मॅशअप खोलीत वाजवणं आणि इंटरनेटवर टाकणं यांत फार फरक आहे. मूळ ध्वनिमुद्रण वापरलं की व्हिडिओ साइटवरची यंत्रणा काही सेकंदांचा तुकडाही ओळखते. सूर अर्धा स्वर हलवून ती फसेलच असं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये 'ओह, प्रिटी वुमन'च्या विडंबनाबद्दल निकाल देताना म्हटलं की व्यावसायिक विडंबनही न्याय्य वापरात (फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात) बसू शकतं. 'बसू शकतं' एवढंच, आपोआप बसत नाही, आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. ऑनलाइन ठेवायचं असेल तर जोडनाव आणि कथानक बिनधास्त ठेवा, ऑडिओ स्वतः वाजवून-गाऊन करा. तरी चालीचा हक्क उरतोच; 'रायझिंग सन' हे मुळात पारंपरिक लोकगीत असल्यामुळे तिथे डोकेदुखी सगळ्यांत कमी.

रीळ_चोवीस

शेवटच्या फेरीला एक सुचवू का? 'रॉकी ३' (१९८२). त्याच्या कच्च्या कटवर स्टॅलोननं क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०) लावलं होतं. परवानगी मिळाली नाही, म्हणून सर्व्हायव्हर या बँडकडून 'आय ऑफ द टायगर' करून घेतलं. क्वीनचा टेम्पो मिनिटाला ११० च्या आसपास, सर्व्हायव्हरचा १०९ च्या. एक टक्क्याचाही ताण लागत नाही.

क्वीनची बास ई मायनरमध्ये आहे, 'टायगर' सी मायनरमध्ये. बास चार अर्धस्वर खाली आणा. इतकी खाली आणली की ती गढूळ होते, म्हणून साठ हर्ट्झच्या खालचं कापून टाका आणि सातशे-आठशेच्या आसपास थोडं उचला, बोटाचा ठोका परत ऐकू येतो. 'टायगर'च्या सुरुवातीचे गिटारचे तुटक ठोके तसेच ठेवा आणि त्यांच्या मधल्या शांततेत क्वीनची बास सोडा. जागा आयती आहे, काही कापावं लागत नाही. कथानकाला एकच वाक्य पुरे: 'रॉकी रिंगमध्ये उतरतो, पण त्याचं गाणं अजून परवानगीच्या रांगेत उभं आहे.'